एक जास्तीची ओळ

“ही ओळ इथे काय करून राहिली यार?”

शेजारच्या क्युबिकलमधून हे ऐकू आलं की समजावं, कुणाचा तरी कोड तपासला जातोय. आज माझा होता.

आमच्या कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या ऑफिसातले हे सीनियर मूळचे नागपूरचे. जास्तीचं काही त्यांना सहन होत नाही. कॉफीच्या कपाचं झाकण ते काउंटरवरच परत देतात. एकसारखी दिसणारी चार फंक्शन्स एकात बसवली, की पोटभर जेवल्यासारखे दिसतात.

त्या दुपारी पेज टेबलची साफसफाई चालली होती. मेमरीचं कुठलं पान कुठे आहे, हे सांगणारा तो तक्ता. एखाद्या प्रोग्रामकडून पान काढून घेतलं की प्रोसेसरला जुना पत्ता विसरायला सांगावं लागतं, नाहीतर तो खुशाल दुसऱ्या प्रोग्रामच्या पानावर लिहितो. ते सांगणारी माझी एकच ओळ त्यांनी पुसायला निवडली होती, आणि संध्याकाळी कोड ग्राहकांकडे जाणार होता.

मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. नेहमीप्रमाणे मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवत.

“आणि तू काय करून राहिली इथे?” त्यांनी मागे न बघताच विचारलं.

“ती काढली तर मशीन बंद पडेल,” मी इंग्रजी सोडून मराठीतच म्हणाले. “आम्ही दोघी इथेच राहणार.”