आतल्या खोलीत कोण असतं

माझी आत्या लोकांची बिऱ्हाडं हलवते. म्हणजे ती आणि आतोबा, दोघं मिळून. कुणी घर बदलणार असलं की आदल्या दिवशी आत्या जाऊन कपाटं, पलंग, भांडीकुंडी बघून येते, किंमत सांगते, खोकी आणि जुन्या चादरी ठेवून येते. दुसऱ्या दिवशी आतोबा ट्रक दाराशी लावतात. सामान चढवणं, दोर आवळणं आणि गाडी चालवणं त्यांच्याकडे. बोलणं सगळं तिच्याकडे.

या धंद्यात आत्याला पैशापेक्षा जास्त गोडी आहे ती लोकांच्या घरांची. पाहुण्याला बैठकीच्या पुढे कुणी नेत नाही, पण बिऱ्हाड हलवणारीला माळ्यापर्यंत जाता येतं. मग तिचे प्रश्न सुरू होतात. या खोलीची कडी बाहेरून का? दोन माणसांच्या घरात नऊ खुर्च्या कशाला? विचारताना तिच्या आवाजात खोच नसते, म्हणून लोक सांगतातही. घरात सगळे तिला भोचक म्हणतात. ती म्हणते, "भोचक तो, जो ऐकलेलं चार घरी सांगत फिरतो. मी फक्त ऐकते."

तर मागच्या वर्षी त्यांच्या जुन्या ट्रकने चढावर मान टाकली. मागे कुणाचा तरी फ्रिज, दोन गाद्या आणि बांधलेला शिवणयंत्राचा सांगाडा. ते सामान दुसऱ्या गाडीत चढवेपर्यंत दिवस गेला. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, पाहिलं आणि हळूच परत बंद केलं. त्यावरूनच आतोबा काय ते समजले. नवा ट्रक घ्यायचा ठरला.

पण आणायला पाठवायचं कुणाला? आतोबांना घासाघीस जमत नाही. जमत नाही म्हणजे त्यांना त्याची लाजच वाटते. एकदा त्यांनी पंखा आणला, दुकानदाराने सांगितलेल्या भावात, आणि वर त्याचे आभार मानून आले. म्हणून ठरलं की बोलणार आत्या, गाडी चालवून बघणार आतोबा. मी तेव्हा नोकरीच्या शोधात घरीच होते, म्हणून मीही बरोबर गेले.

पहिलं शोरूम मोठ्या रस्त्यावरचं. समोरून सगळी काच, आत चकचकीत फरशी, आणि मधोमध एक ट्रक असा उभा की त्याने जन्मात कधी चिखल बघितला नसेल. सेल्समन पंचविशीतला, टापटीप, नवे कोरे बूट घातलेला. त्याने आत्याला दारातच "या मॅडम" म्हटलं. चहा येईपर्यंत ती मावशी झाली होती, आणि किमतीचा विषय निघाला तोवर आई.

"महिन्याला किती झेपेल तुम्हाला, आई?" त्याने विचारलं. "हप्ता सांगा, बाकी माझ्यावर सोडा."

आत्या म्हणाली, "आधी ट्रक केवढ्याचा ते सांगा. आम्ही केवढ्याचे ते नंतर बघू."

तो हसला. मग त्याने आतोबांकडे मोर्चा वळवला. "जुनी गाडी देणार असाल तर तिचेही चांगले पैसे लावून देऊ. काका, कशी आहे गाडी?"

आतोबांनी खरोखर विचार केला. "दुसरा गिअर पडत नाही," ते म्हणाले. "डाव्या बाजूचं दार आतून उघडत नाही. आणि आता तर ती चालतच नाही."

आत्याने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि म्हणाले, "सायलेन्सर मात्र नवीन आहे."

शेवटी सेल्समनने आकडा सांगितला. आत्याने त्यापेक्षा बराच कमी आकडा सांगितला. तो खुर्चीत मागे रेलला, कपाळावर हात फिरवला. "माझ्या हातात असतं ना आई, तर आत्ता किल्ली दिली असती. थांबा, साहेबांना विचारून येतो." आणि तो मागच्या एका धुरकट काचेच्या दारातून आत गेला.

आम्ही थांबलो. बराच वेळ गेला. तो बाहेर आला तेव्हा चेहरा ओला होता. "साहेब चिडले, पण थोडं सोडवलं मी," म्हणाला. खरंच थोडंच सोडलं होतं. आत्याने मान हलवली. तो पुन्हा आत गेला, पुन्हा तसाच ओला होऊन आला. आतोबांनी माझ्या कानात सांगितलं, "घेऊन टाकू या गं. बिचारा घामाघूम झालाय."

तो तिसऱ्यांदा आत जाऊन आला तोवर आत्याचं किमतीवरचं लक्ष उडालं होतं. तिची नजर त्या दारावर होती.

"आत कोण आहे?" तिने विचारलं.

"साहेब."

"मग ते बाहेर का येत नाहीत?"

"कामात असतात."

"मग मीच जाते आत. दोन शब्द समोरासमोर."

"तशी पद्धत नाही, आई." तो पहिल्यांदाच जरा गडबडला. मग पुन्हा सावरून म्हणाला, "आणि ही ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे."

"उद्या सकाळी काय होतं ट्रकला?" आत्याने विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. विचार करून सांगतो म्हणून आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. त्याच कंपनीच्या गाड्या, पण ही जागा टायरच्या दुकानाला लागून. काच नाही, चकाकी नाही. पत्र्याच्या शेडखाली दोन ट्रक आणि एका टेबलामागे पन्नाशीची बाई, गळ्यात साखळीला चष्मा. त्यांनी बसायला सांगितलं, किती वजन वाहता, रस्ते कसले, रोज किती फिरणं होतं हे विचारलं, आणि एका कागदावर आकडा लिहून कागद आत्यासमोर सरकवला. पहिल्या शोरूममधला तीन फेऱ्यांनंतरचा जो आकडा होता, त्याहून हा चांगलाच कमी होता.

"यात विमा धरलाय," बाई म्हणाल्या. "रंगावरचा चकाकीचा थर, सीटची कव्हरं, गाणी लावायचं यंत्र धरलेलं नाही. तुमच्या कामाला त्याची गरज नाही. उगाच नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"अजून काही कमी?" आत्याने सवयीने विचारलं.

"नाही."

"साहेबांना विचारून बघा ना."

"कोणत्या साहेबांना?" बाईंनी चष्मा काढला. "हा आकडा मीच ठरवलाय."

आतोबांनी गाडी चालवून बघितली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की किंमत ठरवायच्या वेळी त्यांना बाहेर ठेवायला हवं होतं. पण आत्या बाईंचे आभार मानून उठली.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"कुठे?" आतोबांनी विचारलं.

"तेच कळत नाहीये. कुणाला विचारलं नाही, कुणाशी भांडली नाही, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. बाई इतकं सरळ कशी सांगते?"

"सरळ आहे म्हणून."

"अहो, सरळ माणूस ट्रक विकेल का?"

घरी दोन दिवस हाच विषय. मी म्हटलं, स्वस्त मिळतोय, घे आणि मोकळी हो. पण आत्याला मी ओळखते. एखाद्या घरातली एक खोली न बघता बाहेर पडावं लागलं तर तिला जेवण जात नाही. ती म्हणाली, "घेईन गं. पण आधी मला ते दार बघायचंय."

म्हणून आम्ही पुन्हा काचेच्या शोरूममध्ये गेलो. आतोबा बाहेर रस्त्यावरच थांबले. त्यांना म्हणे लाज वाटत होती. सेल्समनला मात्र आनंद झाला. आत्याने त्याला टायरच्या दुकानाशेजारचा आकडा सांगितला. तो खुर्चीत रेलला, कपाळावर हात फिरवला, म्हणाला, "थांबा आई, आज साहेबांशी भांडतोच." आणि आत गेला.

आत्याने मनात थोडा वेळ मोजला असावा. मग ती उठली. मी तिचा पदर धरायला गेले तोवर ती दारापाशी पोचली होती. तिने दार ढकललं आणि मी तिच्यामागोमाग आत गेले, तिला बाहेर काढायला, निदान तसं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाही बघायचं होतं.

आत एक अरुंद खोली होती. कोपऱ्यात बेसिन, एक लहान फ्रिज, भिंतीला लागून बाकडं. साहेब नव्हतेच. बाकड्यावर एक वयस्कर सेल्समन संत्रं सोलत बसला होता. आमचा सेल्समन त्याच्या शेजारी, एक बूट काढून टाच चोळत. आम्हाला बघून तो एका पायावर उभा राहिला. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"बसा, बसा," आत्या म्हणाली, जणू खोली तिचीच. "साहेब कुठे आहेत?"

"साहेब सोमवारी येतात," तो म्हणाला.

वयस्कर सेल्समनने संत्र्याची फोड आत्यापुढे केली. तिने ती घेतली आणि बाकड्यावर बसली. मला वाटलं होतं ती आता त्याला फैलावर घेईल. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. एखाद्याचं बंद कपाट उघडल्यावर दिसतो, तो आनंद होता.

"मग तुम्ही आत येऊन करता काय?"

"थांबतो," त्याने सांगून टाकलं. "कितीपर्यंत उतरायचं ते आम्हाला आधीच ठरवून दिलेलं असतं. पण लगेच उतरलो तर गिऱ्हाइकाला वाटतं, आपण फसलो. आत जाऊन थोडा वेळ काढला की वाटतं, आपल्यासाठी कुणीतरी भांडलं."

"आणि घाम?"

त्याने बेसिनकडे बोट दाखवलं. "पाण्याचा हबका."

आत्या हसली, मग वयस्कर माणसाकडे वळली. "आणि पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला तर?"

"सांगून बघितलं, ताई," तो म्हणाला. "लोक म्हणतात, बरं, आता यातून किती सोडता? मग सोडायला काही उरलेलं नसतं. ते उठून जातात. त्यांना वाटतं, कुठेतरी गोम आहे."

आत्याने संत्र्याची बी हातात काढून घेतली. दोन दिवस ती स्वतः हेच म्हणत होती.

आमचा सेल्समन बूट घालू लागला. टाचेला मोठा फोड आला होता. "बूट इथले सक्तीचे आहेत," तो म्हणाला. "आई, एक सांगू? आता आत आहोत म्हणून खरं सांगतो. त्या आकड्याला मला ट्रक देता येणार नाही. तिकडे मिळत असेल तर घेऊन टाका."

आत्याने त्याला टाचेवर कापसाची पट्टी लावायला सांगितली, दोघांचा निरोप घेतला आणि आम्ही बाहेर पडलो. बाहेर पडताना तो पुन्हा मोठ्याने म्हणाला, "या परत, मॅडम," कारण काउंटरपाशी दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं.

त्याच दुपारी आम्ही टायरच्या दुकानाशेजारी होतो. आत्याने कागदावरचा आकडा मान्य केला आणि लगेच विचारलं, "तुमच्याकडे आतली खोली का नाही?"

बाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "होती ना. आधी मी तसल्याच एका ठिकाणी होते. रोज आत जाऊन भिंतीकडे बघत उभं राहायचं. कंटाळा आला."

"आणि इथे? लोक विश्वास ठेवतात?"

"निम्मे उठून जातात. त्यातले थोडे परत येतात. तुमच्यासारखे."

"म्हणजे तोटाच की."

"महिना बरा गेला तर नाही वाटत, वाईट गेला तर वाटतं," बाई म्हणाल्या. "अजून नक्की ठरलेलं नाही माझं."

हे उत्तर आत्याला फार आवडलं. सगळं ठरवून बसलेल्या माणसापेक्षा तिला असं माणूस पटतं.

कागदांवर सह्या चालू असताना आतोबा घसा खाकरून म्हणाले, "एक विचारू का? मागच्या हौद्यात आतून कड्या लावून मिळतील? दोर बांधायला. आहे त्याच पैशात." एवढं बोलून ते कानापर्यंत लाल झाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, ट्रककडे बघितलं. "दोन्ही बाजूंना लावून देते," म्हणाल्या.

आयुष्यात आतोबांनी केलेली ही एकुलती एक घासाघीस. आत्या ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि दर वेळी कड्यांची संख्या थोडी वाढते.

जुना ट्रक एका सायकल दुरुस्तीवाल्याने घेतला. त्याला फक्त मागची पेटी हवी होती, रस्त्याकडेला ठेवून त्यात दुकान थाटायला. आतोबांनी त्यालाही सगळे दोष सांगितले, गिअर, दार, सगळं. तो शांतपणे म्हणाला, "काका, ती जागची हलणारच नाहीये."

नव्या ट्रकवर काम सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की आत्याची किंमत सांगायची रीत बदलली आहे. आधी ती घर बघून दारातच आकडा सांगायची आणि लोक कुरकुरायचे. आता म्हणते, "थांबा, ट्रकवाल्याशी बोलून बघते." खाली जाते, आतोबांशेजारी उभी राहते, पाणी पिते, वर येते आणि थोडं कमी करून सांगते. लोक खूश.

"हे काही बरं नाही," आतोबा मला म्हणाले.

मी आत्याला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मी फक्त बघतेय, खरंच तसं होतं का."

"मग? होतं?"

"होतं ना," ती म्हणाली, थोडी खंतावून. "प्रत्येक वेळी होतं."

पुढे एकदा एक बाई तिच्यामागोमाग जिना उतरून थेट ट्रकपाशी आली आणि आतोबांनाच विचारलं, "काय हो, एवढं जास्त का सांगता?" आतोबा म्हणाले, "मी कुठे काय सांगितलं? तुम्हाला परवडेल ते द्या." त्या दिवशी पदरचं डिझेल जाळून दोघांनी काम केलं. घरी येईपर्यंत आत्या हसत होती. आता ती पुन्हा दारातच आकडा सांगते. लोक कुरकुरतात, निम्मे दुसरीकडे जातात. ट्रक मात्र चांगला निघाला. चढावर कुरकुर करत नाही, आणि आतोबा रोज सकाळी काम असो नसो, एकदा सुरू करून त्याचा आवाज ऐकतात.