वेळेआधी सरळ झालेल्या वाट्या

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते, आणि मग त्या सकाळी सरकारी दवाखान्याला लावलेला फोन आठवतो. हसू नंतरचे आहे, फोन आधीचा; पण आठवण हा पंचनामा नव्हे, ती क्रम पाळत नाही.

सुरतेत माझी नेमणूक खानदेशी वस्तीतल्या एका ठाण्यात होती. आजूबाजूला लूमची खडखड, त्यामुळे आमच्याकडे फिर्यादीही मोठ्या आवाजात बोलत. सकाळची हजेरी झाली होती, लॉकअप तपासून झाले होते आणि चहा येत होता. तेवढ्यात एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे. भांडणवाला माणूस बोलतच आत येतो. खरोखर काही हाती लागलेला माणूस मात्र आधी दारात थांबून बसायला जागा शोधतो. ही थांबली होती.

ती अडाजणहून आली होती. वडील बँकेत, घर नाशिककडचे. हाताने दागिने घडवून मोबाइलवरून विकण्याचा तिचा व्यवसाय. त्यासाठी लागणारे सोन्याचांदीचे सुटे भाग, म्हणजे मणी, कड्या, फासे, ती बाजारातल्या एका शेठकडून घेई. जुन्या घडणीच्या मंगळसूत्राच्या वाट्या मिळाल्या की त्यांची ती कानातली करी आणि त्यांना फार मागणी होती. तिने रुमालाची गाठ सोडून माझ्या टेबलावर दोन वाट्या ठेवल्या.

"काका, या काल शेठकडच्या पुडीत आल्या. आतून बघा."

मी चष्मा लावला. एका वाटीच्या पोकळीत हळद दाबून भरलेली होती, दुसरीत कुंकू. हळद अजून पिवळीधमक होती.

ठाण्याची लिखापढी करणारा आमचा रायटर गुजराती, हुशार आणि संशयी. तो वाकून म्हणाला, "साहेब, पावडर? लॅबमां मोकलावीए?"

"पाठव लॅबला," मी म्हटले, "आणि अहवाल आला की भाजीत घाल."

मुलगी मात्र हसली नाही. "काका, आपल्याकडे नवी नवरी वाट्या उलट्या घालते. एक माहेरची, एक सासरची. आत हळद-कुंकू भरतात आणि सोळा दिवसांनी सुवासिनी बोलावून वाट्या सरळ करतात. त्याच्या आत कुणी या वाट्या विकत नाही. घरात कितीही अडचण असली तरी नाही. मग या बाजारात आल्या कशा? आणि ती मुलगी कुठेय?"

माझे स्वतःचे लग्न अमळनेरला झालेले. ही रीत मला शिकवायची गरज नव्हती. चोरी असती तर कुणीतरी बोंब मारत आले असते. नव्या नवरीच्या गळ्यातले गेले आणि घरातून एक शब्द बाहेर आला नाही, याचे अर्थ पोलिसाला जे सुचतात ते चांगले नसतात. मी स्टेशन डायरीत जाणवाजोग, म्हणजे गुन्हा न दाखवता नुसत्या माहितीची, नोंद करायला सांगितली, दोन पंच बोलावून वाट्या मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतल्या आणि शेजारच्या ठाण्यांना, सरकारी दवाखान्याला फोन लावले. नव्या लग्नाची कुणी बेपत्ता, भाजलेली, विहिरीत सापडलेली? कामरेज, बारडोलीपर्यंत विचारले. कुठेच काही नव्हते. मुद्देमाल हातात आणि फिर्यादी बेपत्ता, असा माझ्या नोकरीतला हा पहिलाच तपास.

शेठ आला तोच हात जोडून. "साहेब, आपणो धंधो चोख्खो छे. कारागीर जुना माल देतात, मी नवा देतो. वाटीत कोण डोकावून बघते?" घाबरलेला होता, पण ते घाबरणे इभ्रतीचे होते. चोर घाबरतो तेव्हा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. शेठ प्रत्येक प्रश्नाला आठवून आठवून उत्तर देत होता. शेवटी त्याला आठवले. माल आमच्याच हद्दीतल्या एका बंगाली कारागिराकडून आला होता. हा गृहस्थ हिऱ्यांच्या भागातून नुकताच आमच्या वस्तीत येऊन दुकान थाटून बसला होता.

कारागिराला आणले. चाळिशीचा, बारीक अंगाचा, नाकावर भिंग टेकवलेलेच. मी वाट्या पुढे ठेवल्या आणि आवाज चढवला. "ये कहाँ से चुराया?"

तो वाट्यांकडे बघून चक्क खूश झाला. जुना ओळखीचा भेटावा तसा. "ये? ये तो बहुत खराब हालत में था साहब. एक दीदी आई थी, बोली भाभी का है, धागा टूट गया, जल्दी करो, गाडी पकडनी है. हमने देखा, दोनों कटोरी उल्टी लगी हैं. अंदर मैल भरा है. जोडी भी जोडी नहीं, एक लाल सोना, एक पीला. किसी ने दीदी को ठग लिया था."

"मग तू काय केलेस?"

"नई दुल्हन का चीज है साहब. अच्छा लगना चाहिए. हमने नया जोडी डाल दिया, एकदम बराबर का. वजन में थोडा ज्यादा ही गया, जाने दिया. और सीधा करके बाँध दिया."

रायटरचे पेन थांबले. मी त्याच्याकडे बघितले, त्याने माझ्याकडे. जबाबात लिहायचे तरी काय? आरोपीने माल घेतला आणि वर पदरचे सोने घातले? एवढ्या वर्षांत मी चोर पुष्कळ पाहिले, पण नुकसान सोसून चोरी करणारा हा एकटाच.

कारागिराला मी रीत समजावून सांगितली. मैल म्हणजे हळद-कुंकू, बेजोड जोडी म्हणजे दोन घरे, उलटे तेच बरोबर. तो खुर्चीवरून हळूच खाली जमिनीवर बसला आणि डोके धरून म्हणाला, "हमने तो भगवान का चीज बिगाड दिया."

आता नवरी शोधायची होती, आणि तिच्या घरात वादळ न उठवता. नणंद गाडीने निघून गेलेली, कारागिराला नाव-पत्ता ठाऊक नाही. गणवेशातला पोलीस नव्या नवरीच्या दारात उभा राहिला की गल्लीला वर्षभराचा विषय मिळतो. आमच्या ठाण्यात एक जमादारबाई होत्या, माहेर धुळ्याचे. त्या म्हणाल्या, "साहेब, माझ्यावर सोडा. आज पोलीस नको, आज बाई जाऊ दे."

साडी नेसून, हातात हळद-कुंकवाची कुयरी घेऊन त्या वस्तीत फिरल्या. ज्या ज्या घरी नवी सून आली त्या घरी बसल्या, चहा प्यायल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी हसत परत आल्या. "सापडली. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत पदर पिनने टाचलेला आहे. मी म्हटलं, 'अगं, मंगळसूत्र तर दाखव', तर म्हणाली घामोळं आलंय."

मी साध्या कपड्यांत गेलो. नवरी धडधाकट समोर उभी दिसली तेव्हा माझ्या जिवात जीव आला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. जमादारबाईंनी तिला आत नेऊन दोन्ही वाट्या तिच्या तळहातावर ठेवल्या. आतून रडण्याचा आवाज आला, मग ती बाहेर आली ती लालसर वाटी मुठीत घट्ट धरूनच.

"ही माझ्या आईची," ती म्हणाली. "आई नाही. तिच्या पाटल्यांतून ही केली होती. मला वाटलं दुकानात बदलली. ताई निघून गेल्या, फोन करून विचारलं तर आळ घेतल्यासारखं होईल, आणि दुकान मला माहीत नाही. सोळाव्या दिवशी सगळ्यांसमोर पदर काढायचा, तेव्हा सासूबाईंना काय सांगू?"

ते सोळा दिवस दोन दिवसांनी भरत होते. सासूबाई दारातच बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"माले पहिलाच दिन दिसनं, साहेब. पन पोर नवी शे, मायबी नही तिले. काय इचारू? म्हनून आल्या-गेल्या बायकाले मीच सांगस, सूनले घामोळं शे."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. घामोळ्याचे एकच कारण दोघींनी आपापले शोधून काढले होते, एकमेकींना न सांगता. एक सासूला दुखवायचे नाही म्हणून पदर टाचत होती, दुसरी सुनेला लाजवायचे नाही म्हणून तिकडे बघत नव्हती. सुनेने सुपासकट सासूला मिठी मारली आणि तांदूळ ओट्यावरून गटारापर्यंत गेले. जमादारबाई डोळे पुसत होत्या. मीही खिशातला रुमाल शोधत होतो.

मंगळसूत्र ठाण्यातच, पंचांसमोर पुन्हा ओवले गेले. कारागिराने हात तीनदा धुतले. प्रत्येक गाठीला तो नवरीला विचारी, "दीदी, ऐसे उल्टा?" आणि ती म्हणे, "हो, असंच उलटं." हळदीचा कणही सांडला नाही. शेठने अडाजणच्या मुलीला दुसरी जुनी जोडी दिली, यावेळी आत डोकावून. गुन्हा घडलेला नाही, असा शेरा मारून मी नोंद बंद केली.

सोळाव्या दिवशी आम्हा सगळ्यांना बोलावणे होते. खापरावरचे मांडे होते आणि रायटर ते मोजायचे विसरला. सुवासिनींनी वाट्या सरळ केल्या तेव्हा आईच्या वाटीतली हळद नवरीने आधी सासूच्या कपाळाला लावली. कारागीर दाराशी उभा राहून सगळे टक लावून बघत होता, परीक्षेला बसल्यासारखा.

या तपासाने मला काय शिकवले? पोलीस नेहमी विचारतो, यात फायदा कुणाचा. तो प्रश्न चुकीचा नाही. पण त्यानंतर मी आणखी एक प्रश्न विचारायला लागलो, यात भले कुणाला करायचे होते. पुष्कळ घोटाळे तिथेच सापडतात. आणि एखादी वस्तू उलटी दिसली तर ती सरळ करण्याआधी मालकाला विचारावे.

हे मी विसरलो तरी तो कारागीर विसरणार नाही. निवृत्तीनंतर एकदा बायकोच्या मंगळसूत्राचा फासा सैल झाला म्हणून आम्ही त्याच्याकडे गेलो. त्याने माळ हातात घेतली, भिंग नाकावर चढवले आणि अतिशय गंभीरपणे विचारले, "दीदी, शादी को कितने दिन हुए?"

आमच्या घरी नातवंडे शाळेत जातात. बायकोने चेहरा तितकाच गंभीर ठेवला आणि म्हणाली, "अभी सोलह नहीं हुए, भैया."

त्याने तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, वाट्यांकडे पाहिले, आणि माळ न उघडता तशीच तिच्या हातात परत ठेवली.