नालीवरची रांगोळी

माझा दादा त्याच्या शाळेच्या मैदानावर रॉकेटच्या झोताने भाजला आणि संध्याकाळी अमरावतीच्या इस्पितळात वारला.

तो विज्ञान शिकवायचा. केरळच्या किनाऱ्यावरून रॉकेट उडाल्याचे वर्तमानपत्रात आले आणि शाळेच्या संमेलन समितीला वाटले, वऱ्हाडाने मागे का राहावे? ठराव एकमताने झाला. एकमत समितीचे, रॉकेट दादाने करायचे.

दादाला रॉकेट उडेल की नाही याची काळजी नव्हती. बुडातून निघणाऱ्या झोताची धास्ती होती. म्हणून त्याने आधी पाटावर छोटा नमुना मांडला. चिखलाचा वीतभर चौथरा, त्याच्या पोटातून एका बाजूला निघणारी नाली, आणि वरून सायकलच्या पंपाने सोडलेली राख. नाली मोकळी असली की राख मोकळ्या बाजूला जाई. समितीसमोर त्याने नाली बोटाने बंद केली आणि पंप दाबला. राख उलटून चिटणिसांच्या धोतरावर बसली.

"मास्तर, रॉकेट वर जाते ना? मंग तुमी खाली काहून पाहून राहिले?" चिटणीस म्हणाले.

"भाऊसाहेब, जाळ पहिले खालीच येते. त्याले वाट पायजे. नाली बुजली त जवळच्या माणसाले भाजते."

"माहं धोतर त भाजलं नाही!"

समिती पोट धरून हसली. विज्ञानात तिला एवढा रस यापूर्वी कधी वाटला नव्हता.

मी तेव्हा अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवायचे. रॉकेट पाहायला म्हणून आले होते. सकाळी मैदानावर चौथऱ्याला नाली होती. दुपारी दादाला प्रमुख पाहुण्यांना आणायला स्टेशनवर धाडले, कारण मास्तरला तेवढे नक्की जमते. तो गेल्यावर समितीला ती नाली खटकली. पाहुण्यांचा पाय तिच्यात गेला तर? शिवाय दिसते कसे? तिने ती काळ्या मातीने बुजवली, शेणाने सारवून घेतली आणि वर कमळाची रांगोळी काढवली.

दादाने परतल्यावर ती पाहिली. तो धावत गेला आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागला. "बटन दाबू नका!" तो ओरडत होता. रॉकेट पेटवायचे बटन तारेने जोडून पाहुण्यांच्या टेबलावर ठेवले होते. ध्वनिक्षेपकावर चिटणीस पाहुण्यांचा परिचय करून देत होते आणि त्यांच्या आजोबांपर्यंत पोचले होते. मी व्यासपीठाकडे पळाले.

"बाई, बसून घ्या. मधात उठू नका," एका स्वयंसेवकाने मला अडवले.

परिचय संपला. पाहुण्यांनी बटन दाबले. जाळ चौथऱ्यातून उलटा आला. लोक बराच वेळ टाळ्या वाजवत होते.

शोकसभेत चिटणीस म्हणाले, मास्तर विज्ञानासाठी हुतात्मा झाले. विज्ञानाने बिचाऱ्याने काय केले होते? पण हुतात्मा म्हटले की कोणाला काही विचारावे लागत नाही.

वहिनी आता अकोल्याला माझ्याकडे असते. घरात आम्ही दोघी आहोत.