बाबांची पन्नाशी

आमच्या घराण्यात पुरुषाला पन्नाशी दिसत नाही, असं सगळे म्हणायचे. आजोबा पन्नाशीच्या अलीकडेच गेले, मोठे काकाही तसेच. आता बाबांची पाळी होती. शाळेच्या दाखल्याप्रमाणे त्यांना एकोणपन्नासावं चालू होतं.

तसे बाबा धडधाकट होते. वखर स्वतः धरायचे, न्याहारीला दोन भाकरी सहज उडवायचे आणि शिंकले की गोठ्यातली गाय दचकायची. पण मनातून त्यांनी गाशा गुंडाळून ठेवला होता. विहीर खोल करायची? राहू दे. संत्र्याची कलमं लावायची? फळ पाहायला कोण बसलंय! अशी सगळी आवराआवर चालली होती, आणि तिच्यात माझाही नंबर लागला.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आठवीत. आमचं गाव धाम नदीपासून कोसभर. रोज पायी पवनारला जायचं, तिथून मोटारीने वर्ध्याच्या शाळेत. गावातल्या बाया म्हणत, एवढी पायपीट करून पोरगी काय कलेक्टर होणार आहे का? मला कलेक्टर व्हायचं नव्हतं. मला मॅट्रिक व्हायचं होतं, आणि तेही चांगल्या मार्कांनी, म्हणजे त्या बायांची तोंडं बंद झाली असती.

एकदा जेवताना बाबा आईला म्हणाले, "माह्या डोळ्यादेखत पोरीचं लगन होऊन जाऊ दे. मंग मी मोकळा."

मी ताटावरून उठले आणि गोठ्यात जाऊन रडले. पुरेसं मोठ्याने रडले, कारण ते ऐकू जावं अशी माझी इच्छा होती.

त्याच सुमारास बाबा सरकी विकायला वर्ध्याला गेले आणि धर्मशाळेत एका खादीवाल्या गृहस्थांचं भाषण ऐकून आले. वर्ध्यात त्या काळी दुसऱ्याने काय खावं हे सांगणारी माणसं मुबलक होती. त्या गृहस्थांचं म्हणणं असं की माती, पाणी, ऊन आणि हवा ही चारच औषधं, आणि नीट राहिलं तर कोणताही माणूस शंभर वर्षं जगतो. बाबा परत आले ते डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन. मी ती संधी सोडली नाही.

"बाबा, तुमी जगले तर मले शाळेत ठेवाल?"

बाबा हसले. "जगलो तर तू म्हणशील ते."

झालं. त्या दिवसापासून बाबांची तब्येत ही माझी शाळा झाली आणि मी तिच्यामागे हात धुऊन लागले.

पहाटे त्यांना मीच उठवायची. नदीपर्यंत भराभर चालत जायचं, दीर्घ श्वास घ्यायचे, तसंच परत यायचं. आल्यावर आईच्या धुण्याच्या घमेल्यात गार पाणी भरून बाबा कंबरेपर्यंत बसायचे. घमेलं लहान, बाबा मोठे. अर्धं पाणी अंगणात जायचं आणि आई ते बघून कपाळावर हात मारायची. मग दुपारी उकडलेला दोडका, बिनमिठाचे मूग आणि तेलाचा थेंब नसलेलं वांगं. वर्ध्याकडच्या माणसाला तिखटावाचून ठेवणं म्हणजे केवढी शिक्षा, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्याकडे बेसनाच्या पातोडीचा रस्सा खाऊन डोळ्यांतून पाणी आलं नाही तर सुगरणीचा अपमान होतो.

"अजी, हे माणसाचं जेवण आहे का आजाऱ्याचं?" आई विचारायची. बाबा दुःखी चेहऱ्याने दोडका गिळत राहायचे.

आणि मी पहारा करायची. बाबा बाजारातून आले की मी जवळ जाऊन त्यांच्या मिशांचा वास घ्यायची. एका बाजाराच्या दिवशी मिशांना भज्यांचा वास आला. मी एवढा आरडाओरडा केला की शेजारीण धावत आली.

"ही पोरगी आहे का फौजदार?" बाबा म्हणाले. "एकच भजं खाल्लं वो."

"एका भज्याचा येवढा वास येत नाई," आई आतून म्हणाली. मिरचीवर बंदी आल्यापासून तीही रागावलेलीच होती.

मातीचा प्रयोग मात्र आमच्याच गावात होऊ शकतो असा झाला. गृहस्थांनी सांगितलं होतं की नदीकाठची मऊ, चाळलेली माती फडक्यात घालून पोटावर ठेवावी, आणि अर्ध्या घटकेत काढावी. बाबांना ते पटलं नाही. नदीची माती ती काय माती! आमच्या वावरातली काळीभोर कपाशीची माती, जिचं नाव दहा गावांत घेतात, ती सोडून नदीवर कोण जाणार? त्यांनी वावरातून टोपलीभर आणली, भिजवली आणि फडकं-बिडकं न घेता छातीपासून बेंबीपर्यंत चांगला जाड थर लिंपला. मग निंबाच्या सावलीत बाजेवर आडवे झाले. वैशाखाचे दिवस होते. गार वाटलं म्हणून त्यांना झोप लागली.

काळ्या मातीचा स्वभाव आम्हां सगळ्यांना ठाऊक होता. उन्हाळ्यात ती सुकते, आकसते आणि वावरात हात जाईल अशा भेगा पडतात. पण तीच माती माणसाच्या छातीवरही तसंच करील हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि बाबांच्या छातीवर केस भरपूर होते.

ते जागे झाले ते ओरडतच. माती भेगाळली होती आणि एकेका ढेकळाने केसांचा पुंजका घट्ट धरला होता. मी पाणी ओतलं, तर तिचा चिकट गारा झाला आणि जास्तच चिकटली. आईने एक ढेकूळ ओढून पाहिलं. बाबांची हाक पाटलाच्या वाड्यापर्यंत गेली असावी, कारण अर्धं गाव कुंपणापाशी जमा झालं.

"आता राहू द्या तशीच," आई म्हणाली. "चार सरक्या टोचून देतो. पाणी पडलं का उगवतीन."

बाबा स्वतःच हसायला लागले. हसताना छाती हलायची, छाती हलली की केस ओढले जायचे, मग ते कळवळायचे आणि पुन्हा हसायचे. संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांना सोडवत होतो. इतकं हसलेले बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि मला वाटलं, आता काही भीती नाही.

पण भादव्यात त्यांना हिवताप आला. दात वाजायचे, तीन गोधड्या घातल्या तरी थंडी जायची नाही. मी देवळात गेले, पिंपळाला फेऱ्या घातल्या, मीही दोडका खाईन असा नवससुद्धा बोलले. कुनैनच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण बाबांचा धीर काही परत आला नाही. उठून बसता येऊ लागल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते वडनेरला निरोप धाडायचं. तिथे माझी आत्या राहायची, बाबांची थोरली बहीण, आणि तिच्या नजरेत एक स्थळ होतं.

दसरा झाला आणि आत्या आली. येतानाच स्थळाचे गुण सांगत आली. बारमाही विहीर, तीन बैलजोड्या, मुलगा निर्व्यसनी. मी दाराआड उभी होते. बाबा खाली मान घालून म्हणाले, "ठरवून टाक, बाई. माह्यं पन्नासावं लागाच्या आत झालं पायजे."

आत्या सुपारी कातरायची थांबली. "तुह्यं? काहीतरीच बोलून राह्यला. तुह्यं पन्नास कवाचंच झालं!"

"दाखल्यावर लिवलं आहे, बाई."

"दाखल्याचं मले नोको सांगू. मोठा दुष्काळ पडला तवा माय न मी खडी फोडाले जात होतो, न तू दोन वर्सांचा माह्या कडेवर होता. भाकरीसाठी रडे. शाळेत घातलं तवा मास्तर म्हणे, येवढा घोडा पहिलीत बसवू नये. म्हून आपल्या बाबानं तुह्ये चार वर्सं कमी सांगतले."

माझ्या इतिहासाच्या पुस्तकात त्या दुष्काळाचं साल होतं आणि ते मला पाठ होतं. मी दाराआडून तशीच ओट्यावर आले, कोळशाने जमिनीवर वजाबाकी केली आणि ओरडले, "बाबा, तुमचे पन्नास दोन वर्सांपहिलेच झाले!"

आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. बाबा बाजेवरून उठले, त्या आकड्यांपाशी उकिडवे बसले आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले. मी वजाबाकी पुन्हा करून दाखवली. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं.

"बाई, म्हंजे मी बाबापेक्षा मोठा झालो?"

"झालाच ना," आत्या म्हणाली. "बाबाले कुठी येवढे पिकले केस होते?"

बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. आपले केस पांढरे झालेत हे त्यांना तेव्हाच कळलं की काय कोण जाणे. आयुष्यभर त्यांनी आपल्या वडिलांना म्हातारं धरलं होतं. आता ते तिथे ओट्यावर बसून रडायला लागले, लहान मूल रडतं तसे, आणि म्हणाले, "किती लवकर गेला वो माहा बाप. पोरगाच होता."

मी त्यांच्याशेजारी बसून रडत होते. मला आजोबांसाठी रडू आलं असं सगळ्यांना वाटलं, आणि आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला आजोबांचं काही नव्हतं. बाबांनी डोळे पुसत, रडक्या आवाजातच आत्याला सांगितलं होतं, "त्या स्थळाले नाई म्हून सांगून दे. पोरगी मॅट्रिक होणार आहे, न मी पाहाले आहो."