लागोपाठ दोन मिस्ड कॉल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवालाही नाही — त्याच्याशी माझं तसंही बोलणं कमीच. तुम्हाला का सांगते आहे? तुमची-माझी ओळख नाही, हेच बहुधा कारण. ओळखीच्या माणसाला असलं काही सांगितलं की तो लगेच आपल्याला समजून घ्यायला लागतो. मला ते नको आहे.

गोष्ट सिंगापूरची आहे. म्हणजे — खरं तर मध्य प्रदेशातल्या बालाघाटची, आमच्या घरातली. पण सुरुवात सिंगापूरपासून करावी लागेल, कारण आमच्याकडे पुढे बरीच वर्षं कुठलीही गोष्ट तिथूनच सुरू होत असे.

माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची, सिमेंटची एजन्सी होती. मोबाइल गावात नुकते खिशाखिशांत दिसायला लागले होते तेव्हाची ही गोष्ट. कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या डीलरांना सिंगापूर दाखवायचं ठरवलं, त्यात श्रीकांतचा नंबर लागला. लगेच चौकात बॅनर. हिंदीतून हार्दिक शुभकामना, मागे विमान, पुढे फोन कानाला लावलेला श्रीकांत. माझा उल्लेख ‘सपत्नीक’ एवढ्या एका शब्दात उरकला होता. त्या बॅनरवर मनापासून हसलेली माणसं गावात दोनच — मी आणि माझे सासरे.

त्यांना मी मामाजी म्हणायची. सिंचन विभागातून निवृत्त झालेले. घराची बाहेरची सगळी कामं त्यांच्याकडे होती: बँक, वीजबिल, गॅसचा नंबर, शेतावरून येणारा तांदूळ. सासूबाई गेल्यावर सकाळचा चहाही त्यांनी स्वतःकडे घेतला. करायचे, आणि मला आणून द्यायचे. मी शाळेत शिकवायला जायची, त्याआधीची पंधरा-वीस मिनिटं आमची. पेपरमध्ये कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आली की ते ती आरती म्हटल्यासारखी मोठ्यानं वाचत आणि शेवटी हात जोडत. सुनेला हसवणारा सासरा — आमच्या बाजूला तेव्हा हे फारसं दिसत नसे.

हे सगळं का सांगते आहे? वेळ काढते आहे, दुसरं काय.

तर सिंगापूर. विमानापेक्षा श्रीकांतला अभिमान होता तो फोनचा. ‘इंटरनॅशनल रोमिंग चालू केलंय,’ हे वाक्य त्यानं पानठेल्यावर, न्हाव्याकडे, बँकेत आणि एका मयताच्या घरीसुद्धा उच्चारलं. फक्त त्या रोमिंगचे दर असे होते की फोन चालू ठेवणं परवडे, बोलणं नाही. आपण लावला तर पैसे, आणि इकडून कुणी लावलेला उचलला तरी आपल्यालाच पैसे. गल्लीतले एक धान्यवाले दुबईला जाऊन आले होते. रोज संध्याकाळी बायकोशी निवांत बोलले, भाजी कुठली केली वगैरे. बिल आलं तेव्हा आठवडाभर जेवले नाहीत. नंतर वर्षभर त्याच बिलाचा आकडा अभिमानानं सांगत फिरले, आणि आकडा दर वेळी वाढत गेला.

यावर तेव्हा सगळ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मिस्ड कॉल. वाजवायचा आणि कापायचा — कुणालाच पैसे नाहीत. श्रीकांतनं मामाजींना शिकवून ठेवलं: रोज संध्याकाळी एक मिस्ड कॉल म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ दोन म्हणजे काही काम आहे, मग आम्ही फोन लावू. त्यानं तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा मामाजी म्हणाले, “एक म्हणजे बरं हाय, दोन म्हणजे काम हाय. कालव्याचं पाणी मोजलं रे बाबू मी जिंदगीभर, इतकं तं येते मले.”

आणखी एक गोष्ट झाली होती. परदेशी जाणाऱ्याच्या घराला साधी कडी कशी चालेल? म्हणून श्रीकांतनं पुढच्या दाराला लॅच बसवलं. दार ओढलं की आपोआप बंद. एक किल्ली मामाजींना दिली. दुसरी मी जाण्याच्या गडबडीत शेजारच्या बिसेनबाईंकडे ठेवली, आणि मामाजींना ते सांगायचं — विसरले. हा शब्द लक्षात ठेवा. त्या घरात त्या महिन्यात कुणी काही विसरलं असेल तर ते मी.

आता तो बाक.

तिकडे एका टेकडीवर समुद्रावरून तारेनं जाणारा पाळणा होता. मला उंचीची भीती वाटते. श्रीकांत बाकीच्या डीलरांबरोबर गेला, जाताना फोन माझ्या पर्समध्ये टाकला. मी खाली बाकावर बसले. समोर समुद्र, हातात कागदी पेल्यात कॉफी. आणि मला जाणवलं की मला कुणी हाक मारत नाहीये. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत असा एक तास नव्हता, जेव्हा मी कुणाची तरी काही तरी नव्हते. तिथे माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नव्हतं, हिंदी बोलणारं नव्हतं. कसं सांगू — अंगावरचं ओलं लुगडं कुणीतरी हलकेच काढून घ्यावं तसं वाटलं.

तेव्हा फोन थरथरला. स्क्रीनवर ‘बाबा’, म्हणजे मामाजी. थांबला. लगेच पुन्हा थरथरला. थांबला.

लागोपाठ दोन.

मी पाहिले. दोन्ही पाहिले. म्हटलं, कॉफी संपवते आणि लावते. कॉफी संपली. पुन्हा दोन आले. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते — रोमिंग किती महाग आहे, असं आलं. आणि हा विचार येताच मला केवढं बरं वाटलं! तुम्हाला कधी असं झालंय का, की एखादी गोष्ट महाग आहे याचाच आधार वाटावा? मी पैशांसाठी फोन लावला नाही असं म्हणता आलं असतं तर मी आज इतकी अडखळले नसते. एका मिनिटाचे पैसे आमच्याकडे होते. मला तो बाक सोडायचा नव्हता. बालाघाटचा आवाज कानात आला की तो बाक संपला असता, एवढंच.

मी फोन पर्समध्ये तळाशी घातला, वर शाल ठेवली. पाळण्यातून माणसं उतरायला लागली तेव्हा बाहेर काढला आणि ‘बाबा’ नावाचे सगळे मिस्ड कॉल पुसून टाकले. का पुसले? श्रीकांत घाबरून लगेच फोन लावेल आणि मग ‘तू का नाही लावलास’ विचारेल म्हणून. तेव्हा तर काही घडल्याचं मला ठाऊकही नव्हतं, आणि पुरावा मी आधीच नाहीसा करत होते. संध्याकाळी नेहमीसारखा एकच मिस्ड कॉल आला. सगळं ठीक. मी पोटभर जेवले.

इकडे काय झालं होतं ते परतल्यावर कळलं. दुपारी मामाजींनी दूध तापत ठेवलं. फाटकाशी कुणी आलं म्हणून तसेच बाहेर गेले आणि दार मागे ओढलं गेलं. कडीच्या दाराची सवय सत्तर वर्षांची, लॅच चार दिवसांचं. फोन सदऱ्याच्या खिशात, किल्ली आत खुंटीला. बिसेनबाई रामपायलीला दर्शनाला गेलेल्या, त्यांच्या यजमानांना किल्लीचा पत्ताच नाही. उन्हात अंगणात उभे राहून मामाजींनी ठरल्याप्रमाणे दोन मिस्ड कॉल दिले. थांबले. पुन्हा दिले. पुन्हा थांबले. दुसऱ्या किल्लीचं काय केलं असं एका वाक्यात विचारायचं होतं त्यांना. आतून धूर यायला लागला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी दार तोडलं. पातेलं कोळसा झालं होतं, ओट्यामागची भिंत काळी. मामाजींना काही झालं नाही. संध्याकाळी त्यांनी आठवणीनं एक मिस्ड कॉल दिला — आता बरं हाय म्हणून. आम्ही उगाच काळजीत पडू नये म्हणून.

आम्ही आलो त्या दिवशी ते ओट्यापाशी उभे होते. रागावले नव्हते. नुसतं विचारलं, “मी तं लागोपाठ दोनदा देल्लता. तुमचा फोन आला नाही काहून?”

श्रीकांतनं माझ्याकडे पाहिलं. फोन माझ्याकडे होता ना.

मी म्हणाले, “नाही मामाजी. त्या दिवशी संध्याकाळचा एकच आला.”

बस. एवढंच वाक्य. अजूनही सारं नेटवर्कवर ढकलता आलं असतं, आणि मला वाटलं ते तसंच ढकललं जाईल. पण मी माझ्या नवऱ्याच्या अभिमानाचा हिशेब धरला नव्हता. “इंटरनॅशनल रोमिंग आहे बाबा,” तो म्हणाला, “त्यात असं होतच नाही. तुम्ही बटण दाबलं नसेल नीट. उन्हात, घाबरले असाल.”

मामाजी हातातल्या फोनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “असन.” असेल तसं, एवढंच.

त्या ‘असन’पाशी मी बोलायला हवं होतं. काय झालं असतं? श्रीकांत आठवडाभर माझ्याशी बोलला नसता. मामाजी तर हसलेच असते — मला खात्री आहे, हसले असते. एवढंच झालं असतं. एवढ्यासाठी?

हो, एवढ्यासाठी.

मग सगळं हळूहळू आणि अगदी प्रेमानं झालं. दूध विसरले, फोन कसा लावायचा तेही विसरले — दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की लोकांना तिसरी आपोआप दिसते. श्रीकांत रात्री झोपताना गॅस खालून बंद करायला लागला. “बाबांना ओट्यापाशी जाऊ देऊ नको,” म्हणाला, त्याचे डोळे खरंच भरले होते. बँकेत तो स्वतः जायला लागला. वीजबिल भरायला दुकानातला माणूस. गल्लीतले लोक मामाजींशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले. सकाळचा चहा मी करून त्यांना नेऊन देऊ लागले. पेपर ते वाचायचे, पण मनात. वाचलेलं चुकेल अशी भीती वाटत असावी.

आणि ते सराव करायचे. व्हरांड्यात खुर्चीवर बसून मला मिस्ड कॉल द्यायचे. माझा स्वतःचा फोन तोवर आला होता, तो स्वयंपाकघरात वाजायचा. एक. मग दुसरा. मग बाहेरून आवाज, “सुधा, आले का गं दोन?”

“आले मामाजी.”

“दोन्ही?”

“हौ, दोन्ही.”

“मंग त्या दिवशीच काहून चुकलो असन मी,” ते स्वतःशीच म्हणायचे. मी पोळी लाटत असायची. कित्येक सकाळी. प्रत्येक सकाळी तोंड उघडून सांगता आलं असतं. बारा पावलांवर तर होते.

वर्षभरानं श्रीकांतनं त्यांना नागपूरला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. मीही गेले. डॉक्टर चांगले होते, घाई न करणारे. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. मामाजींनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं छान आहे की, तुम्हाला विसरल्यासारखं नेमकं कधी वाटतं?

तेव्हा मामाजींनी ती दुपार सांगितली. अंगणातलं ऊन, दूध, धूर. “आन् मले साफ आठवते साहेब, मी दोनदा देल्लता. चार-पाच खेपा देल्लता. बोटाले आठवते. पण गेला एकच. मंग हे माह्यं आठवणं तरी खरं कसं समजावं?” मग माझ्याकडे वळून, अगदी विश्वासानं, “सुधाले विचारा. फोन तिच्यापाशीच होता.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, “हो. एकच आला होता.”

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. श्रीकांतनं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. मामाजी हसले — मला धीर यावा म्हणून.

सिंगापूरला मी फोन उचलला नाही, तो आळस म्हणा, स्वार्थ म्हणा, एका बाकाचा मोह म्हणा. घरी खोटं बोलले ती भीती. पण नागपुरात त्या टेबलासमोर मी जे केलं त्याला माझ्याकडे नाव नाही. एका माणसाचं डोकं शाबूत होतं आणि हे जगात एकाच व्यक्तीला ठाऊक होतं, आणि त्यानं नेमकं तिलाच साक्षीला बोलावलं होतं.

मामाजी त्यानंतर काही वर्षं होते. गेले तेही शांतपणे गेले, झोपेत. माझ्याबद्दल शेवटपर्यंत सगळ्यांना चांगलंच सांगत राहिले. ऐकणारे मला म्हणायचे, नशीब लागतं असा सासरा मिळायला. ते खरंच होतं.

डॉक्टरांनी एक छोटी पांढरी गोळी दिली होती, रोज रात्री जेवणानंतर. ती द्यायचं काम माझ्याकडे होतं, कारण ते विसरतील असं ठरलं होतं. मी जेवणाची भांडी आवरून त्यांच्या खोलीत जायची आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते म्हणायचे, “बरं झालं सुधा, तू ध्यान ठेवतेस. मी तं विसरूनच गेलतो.”

पाण्याचा पेला मात्र मी जाण्याआधीच त्यांनी भरून, वर झाकणी ठेवून, त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलेला असायचा. रोज.