गुलाबरावांच्या ग्रेडरचा स्टार्टर

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बाबारावांच्या वर्कशॉपसमोर उघडते. जुन्या रोलर-डोझरचे स्टार्टर दुरुस्त करणारा आमच्या सक्करदऱ्यात हा एकच माणूस. मी काही कान लावून बसत नाही हो. पण भांडी घासायला तासभर लागतो, अन् तेवढ्यात दोन किस्से जमतात! त्यातले गुलाबरावांच्या ग्रेडरचे तर विसरताच येत नाहीत.

*

गुलाबराव काटोलचे. जमीन सपाट करायचा त्यांचा ग्रेडर त्यांच्याच वयाचा, स्टार्टर कधीचाच मेलेला. शेवटी मुलांनी सांगितलं, "रविवारी भंगारवाला येईन. तोवर बटणावर सुरू झाला तर ठेवू."

गुलाबरावांनी स्टार्टर काढून पोत्यात घातला, अन् बाबारावांकडे यायला निघताना एसटीत शेजारच्या सीटवर ठेवला. कंडक्टर म्हणाला, "एवढं वजन? याचं फुल तिकीट लागन."

"लागू द्या. पण मंग त्याले खिडकीजवळ बसवा!"

*

बाबारावांची पद्धत अशी, की स्टार्टर उघडण्याआधी हुंगायचा. हुंगला, मान हलवली. "कॉइल जळली. पक्कं."

गुलाबरावांचा चेहराच उतरला. बाबाराव उघडून पाहतात तर कॉइल चकचकीत! फक्त गिअरचे दाते झिजलेले, अन् तसा गिअर आता मिळत नाही.

"मंग जळका वास कायचा येऊन राहिला?"

मी खिडकीतून ओरडले, "अगं बाई, माझी वांगी!"

*

तशाच स्टार्टरचा पत्ता पारशिवनीकडे लागला. तिथे एका बाईने त्याला शेळी बांधली होती! बाबाराव म्हणाले, "हा आमाले द्या, तेवढ्याच वजनाचा दुसरा घ्या." अन् गुलाबरावांचा पुढे केला.

बाईने तो उचलून पाहिला, उलटा करून पाहिला.

"चालू हाये ना भाऊ? बिघडलेला माल नोको मले!"

*

शनिवारी त्या शेळीवाल्या स्टार्टरचं टेस्टिंग. बॅटरी जोडली की स्टार्टर झटका मारतो, म्हणून तो पायाखाली दाबून धरतात. वायर हातात घेऊन बाबाराव म्हणाले, "दाबा पाय."

गुलाबराव दोन पावलं मागे. "हट गा! आता घरची लक्ष्मी हाये ते. पाय कसा लावू?" अन् त्यांनी हात जोडले.

तोवर इकडे ठिणगी उडाली होती. स्टार्टर उडी मारून थेट माझ्या उंबऱ्यावर!

बाबाराव शांतपणे म्हणाले, "वहिनी, आशीर्वाद द्या. पाया पडाले आला."

*

रविवारी मीही काटोलला गेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण जीपमध्ये जागा होती! भंगारवाला गॅसकटर घेऊन हजर. अंगणात मातीचं एक टेकाड, त्यावर ग्रेडर उभा. मी विचारलं, "तिथं काहून?"

थोरला मुलगा वैतागून म्हणाला, "रोज संध्याकाळी बाबा त्याले वर चढवते, काकू. सकाळी उतारावरून सोडला का सुरू! अकरा वर्षं झाली. पण लोकाइच्या वावरात टेकाड कुठून आणावं?"

बाबारावांनी स्टार्टर बसवला. गुलाबरावांनी डोळे मिटून बटण दाबलं. नुसती कुरकुर. भंगारवाला उठून उभा राहिला. पुन्हा दाबलं, अन् धडधडधड! कोंबड्या पळाल्या, मागोमाग भंगारवालाही.

गुलाबरावांनी सात वेळा ग्रेडर बंद केला, सात वेळा सुरू केला. मग सगळं अंगण कॅरमबोर्डासारखं सपाट केलं. थोरला खूश! "बाबा, आता ते टेकाडबी उडवा!"

गुलाबरावांनी ग्रेडर वळवला, सावकाश टेकाडावर चढवला, अन् बंद केला.

"बाबा! आता तर स्टार्टर हाये ना!"

"हाये ना," गुलाबराव खाली उतरत म्हणाले, "पण सपाटीवर त्याले झोप येत नाही गा."