आधी पंखा बंद

जळगावात मला हात दिला तो आमच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी. हे आधी सांगून टाकते. पुढचं सांगताना माझा राग वर येतो, आणि एकदा राग वर आला की उपकाराचं सांगायचं राहून जातं.

"आधी पंखा बंद कर, मग बोल." बाईंच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिलं हेच ऐकू यायचं. समोर प्राचार्य असोत नाहीतर चहावाला. जळगावचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना हे वेडेपणाचं वाटेल. पण बाई बी पेरायला बसल्या की पंखा बंद म्हणजे बंद. ते बी तपकिरीच्या भुकटीसारखं बारीक. कुणी शिंकलं तरी उडून जाईल. बाई आगकाडीचं टोक पाण्यात बुडवायच्या, त्याला एक दाणा चिकटवायच्या आणि काचेच्या बशीतल्या ओल्या टीपकागदावर अलगद ठेवायच्या. घामाचा थेंब बशीत पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधायच्या. तशा अवतारात त्या वनस्पतीशास्त्राच्या बाई कमी आणि ऊस तोडायला निघालेल्या जास्त वाटायच्या.

मी कोकणातली. सातवीत शाळा सुटली. नवरा इथल्या डाळमिलमध्ये लागला म्हणून आले. पहिल्याच दिवशी शेजारीण दारातून "काय करी ऱ्हायनी वं?" म्हणाली तर मी घाबरून दार लावून घेतलं. ती बिचारी नुसती काय करतेस म्हणून विचारत होती. अशी मी. कॉलेजात काचसामान धुवायला बाई पाहिजे असं कळलं, तर तिथल्या हेडक्लार्क नानांनी शाळेचा दाखला मागितला. तो गावाकडे. मी तिथेच रडायला लागले.

बाई बाजूने चालल्या होत्या. थांबल्या. "नाना, काच धुवायला दाखला कशाला? हिचे हात बघा." मग स्वतःच माझे हात धरून पाहिले. "थरथरतात. चालेल. घाबरणारं माणूस काच जपून धरतं."

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून नळी फुटली. मला वाटलं, संपलं सगळं. बाईंनी तुकड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फुटली ना? सुटलीस. पहिली फुटेपर्यंतच भीती असते." तुम्हीच सांगा, असं बोलणारं माणूस परक्या मुलखात भेटावं लागतं की नाही?

आता त्या झाडाचं. मोहरीच्या कुळातलं एक तण. जमिनीसरशी पानांची चकती, मधून वीतभर काडी, टोकाला मीठ सांडल्यासारखी पांढरी फुलं. ना खायचं ना पूजेचं. पुण्याला शिकत असताना बाईंनी त्याचं बी आणलं होतं. "औषधं आधी उंदरावर तपासतात ना, तसा हा झाडांच्या दुनियेतला उंदीर," त्या म्हणायच्या. "लहान, लवकर वाढतो, बी मुबलक. जगभर आता लोक ह्याच्याच मागे लागलेत. ह्याचं जे कळेल ते उद्या कपाशीचं कळेल, केळीचं कळेल."

कॉलेजात त्याला "बाईंचं गवत" म्हणत. प्राचार्य तर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, याचं भरीत होतं का?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "सर, भरीत करायला वांगं लागतं. वांग्याचं रोप मातीतल्या अंधारातून वर येताना कुठल्या बाजूला जायचं ते त्याला कसं कळतं, ते हे गवत सांगतं. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मी वांगी लावते." प्राचार्यांनी चहाचा कप उचलला. मी मोरीत कप विसळत होते. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बाई बीला औषध लावून मुद्दाम त्यात बिघाड करत. मग त्या बीच्या पुढच्या पिढ्यांत एखादं रोप काही विसरलंय का ते शोधत. "एक रोप काय विसरलं ते कळलं, की बाकीच्यांना काय आठवतंय ते कळतं." असं शोधताना त्यांना एक रोप सापडलं. मला त्यांनी ते आपल्या घटावरूनच समजावलं. नवरात्रात घटाभोवती धान पेरतो, ते अंधारात झाकलं की लांब, पिवळं, नाजूक वाढतं. उजेड शोधत असतं बिचारं. पानं मिटलेली, मान वाकवलेली. उजेडात ठेवलं की बुटकं, हिरवं होतं आणि पानं उघडतं. "सगळी झाडं अशीच," बाई म्हणाल्या. "पण हे माझं खुळं बघ. मिट्ट काळोखात बसलंय आणि पानं उघडून बसलंय. उजेड पाहिल्यासारखं."

"का पण?"

"तेच तर! काळोखात दम धरायचा असतो, हेच हे विसरलंय."

हे खुळं रोगट. त्याला बी फार थोडं धरायचं. ते पुन्हा काळोखात पेरायचं, शेजारी शहाण्या रोपांचं बी पेरायचं, आणि दोन्हीतला फरक पुण्याहून येणाऱ्या बाईंच्या जुन्या सरांना डोळ्यांनी दाखवायचा, असं ठरलं होतं. सरांनी पाहिलं तर ते संस्थेशी बोलणार होते आणि बाईंची बिनखिडकीची खोली बाईंकडेच राहणार होती. नाहीतर प्राचार्यांना तिथे कॉम्प्युटरचे वर्ग काढायचे होते. खोली गेली की काम गेलं, आणि कामाबरोबर मीही.

बाईंनी बी पेरलं. प्रत्येक बशीला चांदीचा कागद गुंडाळला, बशा पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. नवरात्राच्या तोंडावर कॉलेजला जोडून सुट्ट्या होत्या. बाईंची आई बोदवडला आजारी होती. "तूही जा घरी," मला म्हणाल्या. "अंधाराला राखण लागत नाही."

सुट्टी संपली त्या सकाळी आम्ही बरोबरच दार उघडलं, आणि बाई उंबऱ्यातच थांबल्या.

खोलीत देवी बसली होती. त्या वर्षी कॉलेजने घट बसवायचा ठरवला, आणि नानांना हीच खोली सुचली. खिडकी नाही, वारा नाही, अखंड दिवा विझणार नाही. बाईंच्या पेटीचा चौरंग झाला होता. वर मोठ्ठा बल्ब. आणि मखर? मखर झगझगीत चांदीच्या कागदाचं. एकेका बशीचा कागद सोडवून, नखाने सपाट करून, खळीने चिकटवलेला. बशा दिव्यालगत ओळीने मांडलेल्या.

नाना आनंदाने पुढे आले. "बाई, तुमनं गवत ते हिरवंगार व्हई गयं! देवीनी कृपा शे."

खरंच हिरवंगार झालं होतं. खुळं आणि शहाणं सगळं एकसारखं बुटकं, हिरवं, पानं उघडून बसलेलं. उजेडात कोण खुळं आणि कोण शहाणं, कसं ओळखणार?

बाई घटापाशी गेल्या. घटावर एक टोपली पालथी घातलेली होती. त्यांनी ती अलगद उचलली. खाली धान लांबसडक, पिवळंधम्मक.

"नाना, ही टोपली कशाला?"

"मंग? झाकं नई ते धान पिवळं कसं व्हई?"

"म्हणजे तुमच्या धानाला अंधार लागतो हे तुम्हाला माहीत आहे."

"हो ना बाई. पोरंबी सांगतीन."

"आणि माझ्या धानाचा कागद तुम्ही सोडलात!" बाईंचा आवाज इतका चढला की जिन्यावर पोरं जमली. "तुमचं तेवढं धान, आणि माझं गवत! देवीचं झाकायचं आणि माझं उघडायचं? मी पेरलं ते पेरणं नाही का हो, नाना?"

नानांचं तोंड उतरलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. राग मला नानांचा नाही. बाईंनी टोपली जशीच्या तशी पालथी घातली, दिव्याची वात सारली आणि देवीला हात जोडले, तेही मी पाहिलं. पण गावात पसरलं काय? तर बाईंनी देवीवर आवाज चढवला.

पुण्याचे सर आले. त्यांनी हिरव्या बशा पाहिल्या, आणि "पुन्हा पेरा, मग कळवा" एवढं बोलून पुढच्या गाडीने गेले.

दसऱ्यानंतर बाईंनी खोली मागितली. प्राचार्य गोड हसून म्हणाले, "देवी एकदा बसली बाई, आता दरवर्षी तिथेच. देवीला कसं उठवायचं?" ज्या माणसाने उभ्या जन्मात देवळाची पायरी चढलेली कुणी पाहिली नाही, तो हे बोलला! दिवाळीनंतर त्याच खोलीत कॉम्प्युटर आले. तेव्हा देवीला कुणी विचारलं नाही.

खोली मागितली त्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "देवीला उठवू नका, सर. देवीच्या मागे लपलेत त्यांनी उठावं." ते त्यांना महागात पडलं.

चिमूटभर बी बाईंनी मागे ठेवलं होतं. पण पेरायचं कुठे? मी भीतभीत म्हटलं, "आमच्याकडे पत्र्याची कोठी आहे, धान्याची. रिकामीच आहे." थंडी पडली होती, म्हणजे झाडाला मानवणारी हवा. बाई माझ्या खोलीत आल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या, कपाळाला रुमाल बांधला आणि पेरलं. बशा कोठीत, झाकण बंद. शेजारीण विचारायला आली, "काय ठेयं वं कोठीमा?" मी म्हटलं, "घट." तिने बाहेरूनच हात जोडले आणि पोरांना आमच्या दारात दंगा करू दिला नाही. कॉलेजने जे केलं नाही ते तिने केलं.

झाकण उघडायच्या दिवशी बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या. मी झाकणाला हात घातला तशा ओरडल्या, "आधी पंखा बंद कर!"

"बाई, आमच्याकडे पंखाच नाहीये."

त्या स्वतःशीच हसल्या. मग झाकण उघडलं. एका बशीत लांब, पिवळी, माना वाकवलेली रोपं. दुसरीत बुटकी खुळी, मिट्ट काळोखातून दोन्ही पानं उघडून आमच्याकडे बघणारी. बाईंनी दोन्ही बशा शेजारी-शेजारी धरून पाहिल्या. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. तो थरथरत होता.

पुण्याला कळवलं. सर खूश झाले, म्हणतात. पण तोवर संस्थेने बाईंची धुळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात बदली केली होती. धान्याच्या कोठीत संशोधन करतात म्हणून स्टाफरूममध्ये हशा झाला तो वेगळाच. जिने हे झाड या जिल्ह्यात आणलं, तिने निवृत्त होईपर्यंत अकरावीच्या पोरांना फुलाचे भाग शिकवले. कुणाला लाज वाटली? कुणालाही नाही. दसऱ्याला मात्र सगळे धान टोपीत खोवून मिरवतात.

जाण्याआधी बाईंनी माझं काम रसायनशास्त्राच्या विभागात लावून दिलं. एसटीच्या खिडकीतून खुळ्याच्या बियांची बारकी कुपी माझ्या हातात दिली. "धुळ्याला खोली मिळायची नाही. तू जप. घाबरणारं माणूस जपतं."

मी जपलं. दरवर्षी थंडी पडली की कुंडीत पेरते, बी धरते, पुन्हा कुपीत भरते. एका वर्षी एकच रोप जगलं. त्याला शेंग धरेपर्यंत मला जेवण गेलं नाही. बाई अजून धुळ्यालाच असतात, पण नेण्याएवढं बी कधी उरत नाही, म्हणून अजून गेले नाही. रिकाम्या हाताने मला जायचं नाही.

पण जाणार आहे. एखाद्या थंडीत बी भरपूर धरेल. तेव्हा थंडी सरता सरता मी बशीत पेरीन, चांदीचा कागद गुंडाळीन आणि धुळ्याच्या गाडीत ती बशी मांडीवर घेऊन बसेन. बाई दार उघडतील. म्हातारपणी उकाडा सोसत नाही, पंखा चालूच असेल. मी कागद सोडायच्या आधी त्यांना सांगेन, "बाई, आधी पंखा बंद करा."